सात नंबरची रायफल

मारेगावच्या कॉलेजात एनसीसीच्या सात रायफली होत्या.
सातवी माझी.
म्हणजे सरकारचीच,
पण तिच्या दस्त्यावर कुणीतरी कर्कटकानं 'व' कोरला होता
आणि माझं नाव वच्छला.
तेवढ्यावर मी हक्क सांगितला.

स्पर्धेला अठरा दिवस होते.
गोळ्या मोजून मिळायच्या, मुलीमागे पाच.
रिकामा सराव मात्र फुकट.
परेड संपली की कोठीच्या ओसरीवर
मिरच्यांच्या जुन्या पोत्यावर पालथी पडायचे,
नळीच्या टोकाशी आठ आण्याचं नाणं ठेवायचे.
बोल्ट वर, मागे, पुढे, खाली.
श्वास अर्धा सोडायचा.
खटका.
टक.

पोत्याच्या धसक्यानं शिंक यायची
आणि नाणं पडायचं.
पुन्हा टक.

पहिल्या दिवशी नऊदा पडलं.
सहाव्या दिवशी एकदाही नाही.
वेचणीच्या बायांची हजेरी मांडतात तशा
उभ्या चार रेघा, पाचवी आडवी,
वहीत माझे टक मांडून ठेवले होते:
दोन हजार तीनशे दहा.

मसराम हवालदार तेव्हा रजेवर होते,
केळापूरकडे, भाचीच्या लग्नात.

ते आले, आणि मुरमाच्या टेकडीखाली
खऱ्या गोळीचा दिवस आला.
पहिली गोळी अर्धी आत गेली
अन् थांबली.
मी बोल्टवर तळहात टेकवला.

"जोर नोको लावू, पोरी.
जिवंत हाये ते."

त्यांनी गोळी हळूच बाहेर काढली,
मग बोल्ट,
टॉर्च लावून नळीच्या मागच्या तोंडात पाहिलं,
काडीचं टोक आत फिरवलं.
एका जागी काडी अडली.
"पाय."
चेंबरच्या कडेला, वरच्या बाजूला,
तिळाच्या टोकाएवढी खोक,
आणि तिथलं लोखंड आत लोटलेलं,
उंबऱ्याची कड घणानं ठेचावी तसं.

"थ्री-नॉट-थ्रीची टोपी मधात असते.
रिकामी वाजवली तं पिन हवेत जाते.
इची दारू कडेला, काडतुसाच्या काठात.
म्हणून पिनही कडेलाच मारते.
गोळी असली तं पितळ मार खाते, मऊ असते ते.
गोळी नसली तं कोण खाईन?"

मी गप्प.

"किती डाव?"

मी आकडा सांगितला.
त्यांचे ओठ जरासे हलले, हिशोब केल्यासारखे.
टेकडीवर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या.
मग म्हणाले,
"हात मस्त बसला असन तुहा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
हात खरंच बसला होता.
तेव्हाही, त्या क्षणीही,
तो जराही हलत नव्हता.

रजिस्टरात त्यांनी लिहिलं:
क्रमांक सात. चेंबर. जुनी झीज.
'जुनी' लिहिताना पेन थांबलं नाही.
सातवी पोत्यात गुंडाळून यवतमाळला गेली.
तिच्या पिनचं टोकही चपटं झालं होतं, असं नंतर कळलं.

चार नंबरच्या रायफलीनं मी जिल्ह्यात दुसरी आले.
टाळ्या वाजल्या त्या मला सगळ्या
टक, टक अशाच ऐकू आल्या.

परतल्यावर मसरामांनी खिशातून
एक वाजलेलं काडतूस काढलं,
नखाएवढं, काळवंडलेलं पितळ.
"रिकामा सराव करशीन तं हे आत ठेवत जाय.
दर डावाला जरासं फिरवाचं.
एकाच जागी दोनदा मारलं तं पितळही थकते."

मी फिरवत गेले.
पावसाळाभर, हिवाळाभर.
काठावर एकाशेजारी एक खुणा पडत गेल्या,
करंजीची कड मुरडावी तशा,
आणि एका संध्याकाळी काठ पूर्ण भरला,
नवी खूण बसायला जागा उरली नाही.

ते घेऊन मी कोठीत गेले.
सातव्या खुंटीला तेव्हा नुसता पट्टा लटकत होता.
मसरामांनी काठावरून अंगठा फिरवला, सावकाश,
एकही खूण न चुकवता,
आणि दुसऱ्या हातानं
खिशात चाचपू लागले.