उणे चालत नाही

तार्तूच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
केर्तु खिडकीशी बसली आहे.
खाली एमायोगी नदी अर्धी गोठलेली,
मार्च अजून मनावर घेत नाहीये.

दोन दारांपलीकडे तिची आई.
वाइके, वय एकोणऐंशी.
कोठारापुढच्या बर्फावर खुबा मोडला,
हातातली काकड्यांची बरणी मात्र शाबूत.
तिच्या शिरेत सुई, सुईला नळी, नळीला पंप,
आणि पंपात
चार वर्षं खपून केर्तुने लिहिलेलं गणित.

हे तिने काउपोला सांगितलेलं नाही.
भूल देणारा माणूस तो,
त्याचा हात कशाला कापायला हवा.

गणित तसं लहान आहे. तीन खोल्या:
रक्त, स्नायू, चरबी.
कुठल्या खोलीत औषध किती, एवढाच प्रश्न,
आणि उत्तर शून्याखाली कधीच उतरत नाही.
उणे सहा थेंब कुणाच्या रक्तात नसतात.
कोष्टकात उण्याला जागा एकाच तिरक्या ओळीत, कर्णावर:
जायचं ते ज्याचं त्याच्यातून जातं.
बाकी घरांत नुसतं देणं.
रक्त स्नायूला देतं, स्नायू रक्ताला,
शेजारणीच्या फडताळात हात घालायची सोय नाही.

पंपालाही तोच नियम. तो पुढेच ढकलतो.
कपाळावरच्या पट्ट्यांकडे बघत थेंब कमी-जास्त करतो,
पण दिलेलं ओढून घेणं त्याला ठाऊक नाही.
जास्त झालंच, तर हात आखडता घ्यायचा
आणि थांबायचं.
मग हे नियंत्रण कसलं, मुली?
एका म्हाताऱ्या परीक्षकाने विचारलं होतं.

तिने फळ्यावर आठ ओळी लिहिल्या.
त्यांचं सार असं, की
बाहेर पडायला एक दार पुरतं, यकृताचं,
फक्त प्रत्येक खोलीतून तिथवर वाट हवी.
मग आत कितीही साठलेलं असो, ओसरतं.

आई डेअरीत हिशेब लिहायची.
जमा निळ्या शाईत, खर्च तांबड्या.
उणंदुणं मात्र कधी कुणाचं काढलं नाही,
नवऱ्याचंसुद्धा,
आणि त्याचं काढण्यासारखं पुष्कळ होतं.

शस्त्रक्रिया संपली. पंप शून्यावर.
गणित म्हणालं होतं, चौदा मिनिटं.
चौदा झाली.
एकोणीस.
काउपो काचेतून डोकावतो, खांदे उडवतो, आत जातो.

केर्तु फॉर्म पुन्हा वाचते.
वजन: सत्तर किलो. आईनेच सांगितलेलं.
आणि तिला एकदम आठवतो
नाताळात न लागलेला निळ्या झग्याचा हूक.
आयुष्यभर पैपैचा ताळा जुळवणाऱ्या बाईने
एकच आकडा खोटा लिहिला होता.

म्हणजे चरबीची खोली मोठी आहे.
ती आपलं गाठोडं चिमटीचिमटीने सोडते आहे,
आणि सगळ्यांत सावकाश निघणारा पाहुणाच ठरवतो
घर कधी रिकामं व्हायचं ते.

केर्तु कागदाच्या पाठीवर आकडे बदलून बघते.
सत्तरच्या जागी ऐंशी. मग नव्वद, उगाच.
आकडे हलतात, चिन्हं हलत नाहीत.
वाट तीच, दार तेच.
ओसरणार हे नक्की.
केव्हा, हे त्या आठ ओळींनी
कधी सांगितलंच नव्हतं.
पेन्सिल ठेवून देते ती.
हातात हात घेऊन बसते, स्वतःचाच.

सव्विसाव्या मिनिटाला दार उघडतं.

आईचे ओठ कोरडे. डोळे अर्धे.
"सिरिंजमध्ये उरलं असेल ना," ती पुटपुटते,
"त्याचे पैसे लावतील का?"
"विचारते."
"विचार."

"आई, वजन किती सांगितलंस?"

पापण्या मिटत जातात.
तेवढं औषध अजून आहे तिच्यात, किंवा नाहीही.
"सत्तर," म्हणते आई.