कोडी

खारदांड्याच्या रात्रशाळेत, नववीच्या वर्गात
सात जण, दोन पंखे, त्यातला एक चालू.
धडा होता माया आणि अझ्टेक.
पुस्तकात दीड पान :
पायऱ्यांचे देऊळ, मका, पंचांग, नरबळी,
आणि शेवटी, जाड ठशात, ऱ्हासाची कारणे.

मी फळ्यावर मायांचे आकडे काढले.
ठिपका म्हणजे एक. आडवी रेघ म्हणजे पाच.
वीस भरले की वरचे घर.
ते दहांनी नाही, विसांनी मोजत.

तिसऱ्या बाकावरून सुगंधा तांडेल हसली.
वय सेहेचाळीस, बर्फाने भेगाळलेले हात,
पायाशी टोपली, ओल्या फडक्याखाली.
"मास्तर, ह्यो त आमचाच हिशोब हाय.
माजी आय कोडीनंच मोजाची.
वीस बोंबील, एक कोडी.
तिला शंभर म्हाईत नव्हतं.
पाच कोड्या म्हाईत व्हत्या."

मग वीस कसे लिहायचे ते दाखवले :
खाली शिंपली, वर एक ठिपका.
शिंपली म्हणजे शून्य, मी म्हटले. काहीच नाही.
"काहीच नाय कसा?
शिंपली हाय म्हंजे आत कोनतरी व्हता."

मी घाईने पुढे सरकलो, अझ्टेकांकडे.
तळ्यातले शहर, चिखल उपसून रचलेले मळे,
दारापर्यंत पाणी, पाण्यात होड्या,
होडीत भाजी, फुले, मासळी.
जिंकणारे आले. कालवे बुजवले,
हळूहळू तळेही.
त्या भरावावर आज जे शहर आहे
ते दरवर्षी थोडे थोडे खचते.

खिडकीबाहेर एक डंपर मागे येत होता,
पीं पीं पीं.
तो थांबेपर्यंत कोणी बोलले नाही.
मग तीच :
"नि त्या तल्यातलं कोली, मास्तर?
त्यांचा काय झाला?"

दीड पान मी उलटून पाहिले.
मागे स्वाध्याय होता.
रिकाम्या जागा भरा.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही.
पहाटेचा लिलाव असेल, किंवा गुडघा.
आमच्या हजेरीपटात गैरहजेरीला शून्य घालतात.
तिच्या नावापुढे पेन टेकवले
तर हात भलतीकडेच वळला :
लहानशी शिंपली, आत तीन रेघा.

महिनाअखेरीस मुख्याध्यापक
चष्मा कपाळावर चढवून विचारतात,
साटम, ही कसली खूण?