तीन पॉइंट तीन

मेन रोडच्या बोळात, छाजेडांच्या दुकानात
रेग्युलेटर सुट्टे मिळतात,
बडीशेपेसारखे, कागदाच्या पुडीत.
"सात-आठ-शून्य-पाच घे," शेठ म्हणाले,
"बारा रुपये. माझ्या वडलांपासून हाच विकतोय."
मी चार घेतले. एक जळतोच.

रात्री सिडकोतल्या आमच्या ओट्यावर,
गॅसशेजारी, कारण घरात तिथलाच दिवा नीट,
जुन्या लॅपटॉपमधल्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडल्या.
सात पॉइंट चार आले. त्याने पाच दिले.
वरचे जाळून टाकले, गाजावाजा न करता.

अण्णा पाणी प्यायला उठले होते.
एकतीस वर्षं एकलहऱ्याला, कंट्रोल रूममध्ये.
लोक घड्याळ बघतात तसा हा माणूस
फ्रिक्वेन्सीचा मीटर बघायचा,
एकोणपन्नास पॉइंट सात झाले
की जेवता जेवता उठायचा.
"किती मेगावॅटचं?" त्यांनी विचारलं.
"एक वॅट, अण्णा. तेही खेळ रंगात आला तर."
हसले नाहीत. त्या काळ्या तुकड्यावर बोट टेकवलं,
तव्यावरून उचलावं तसं झटकन उचललं.
"तापतोय. म्हणजे खातोय."
दुधाच्या हिशेबाच्या वहीत भागाकार केला, हातचा लिहून.
"तिसरा हिस्सा. आमच्याकडे अशाला नोटीस निघायची."
बाहेर आठ अंश. निफाडला त्याहून कमी.
बोट त्यांनी पुन्हा टेकवलं, या वेळी जरा शेकायला.

मग एकच बॅटरी आणि बारीक, कमी खाणारा लिनिअर.
भरलेली असते तेव्हा चार पॉइंट दोन,
संपते तेव्हा तीन.
मला हवेत तीन पॉइंट तीन.
म्हणजे येते ती माझ्या वरून
आणि जाता जाता माझ्या खालून जाते.
लिनिअरला फक्त उतरवता येतं.
स्क्रीन विझली तेव्हा बॅटरीत अजून होतं.
मोजलं मी. पंधरा-वीस टक्के होतं.
ऑफिसात, अंबडला, शिर्साट म्हणाला,
बाजारात बाराशेला तयार मिळतो, चार्जरसकट.
त्याला या वीस टक्क्यांचं काय सांगू?

बक-बूस्ट कुरिअरने आलं,
दोनशे चाळीस रुपये, नखाएवढं,
पोराने पत्ता सापडेना म्हणून पाथर्डी फाट्याला बोलावलं.
वरून आलं तर उतरवतं,
खालून आलं तर चढवतं,
आणि मधे, अगदी तीन पॉइंट तीनच्या उंबऱ्यावर,
क्षणभर घुटमळतं. तेवढं मी चालवून घेतलं.

पण खेळ थांबवला की शिट्टी.
भार नसला की ते डुलक्या घेतं,
आणि डुलकीतला प्रत्येक दचका स्पीकरमधून येतो,
बारीक, डासाहून वरचा.
"ऐका," मी म्हटलं.
अण्णांनी कानाला लावलं. "काय?"
"हे, आत्ता."
त्यांनी दुसऱ्या कानाला लावलं.
बराच वेळ धरून ठेवलं, परीक्षेला बसल्यासारखं.
मग म्हणाले, "छान आहे. अगदी शांत आहे."

टर्बाइन हॉलमध्ये आम्ही एकदा शाळेची सहल घेऊन गेलो होतो.
तोंडं हलत होती नुसती.
ते आमच्या सरांना खुणेने समजावत होते,
मला वाटलं, किती हुशार, हातांनी बोलतात.

शिट्टी मग मलाच काढायची होती.
त्याला डुलकी घेऊ न देणारा पाय तीन पॉइंट तीनला बांधला,
आणि स्पीकरपुरता, वेगळा,
लिनिअरच ठेवला.
जळू दे थोडं.

खेळात एक उंदीर आहे, कोळशाच्या डब्यांवरून उड्या मारतो.
अण्णा तिसऱ्या फेरीत पडले. "अंगठा घसरला," म्हणाले.
आवाज पूर्ण वाढवला आणि पुन्हा सुरू केलं.
मीटरची टोकं मी अजून लावून ठेवली होती:
बॅटरी तीन पॉइंट एकवर आलेली,
स्क्रीनला त्याचा पत्ता नव्हता.