आतली कडी

विद्यापीठाचं परिपत्रक: मुलींचं मंडळ सर्वांना खुलं करा,
नाहीतर खोली सोडा.
नफिसा म्हणाली, करूया की.
मी गप्प.

सांगलीत, गावभागातल्या घरात, माझ्या वाट्याला
आतून लागणारी कडी एकच, न्हाणीची.
दुसरी ही, खोली नंबर अकराची,
बुधवारी चार ते सहा.
भडंगाचा कागद फिरायचा.
कुणाला पाळी चुकल्याचं सांगायचं असलं
की आधी खिडक्या लावायच्या.

पुढच्या बुधवारी भरतेश मगदूम आला.
पोरांच्या तालीम मंडळातून हाकललेला, म्हणे.
दाराशीच उभा.
मी म्हटलं, बसा, नियमच आहे.

त्यानं वळून जिन्याकडे पाहिलं
आणि कडी लावली,
आवाज न होऊ देता,
सवयीच्या हातानं.

नफिसानं कागद त्याच्याकडे सरकवला.
खिडक्या त्या दिवशी
कुणी लावल्या नाहीत.