मिरसांग

एकतीस वर्षं म्हापशाच्या कोर्टात
मी दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतलं.
घटस्फोट, भाटांच्या हद्दी, नारळांवरून झालेल्या मारामाऱ्या.
साक्षीदार खोकला, तर तेवढा खोकला फक्त गाळायचा.
माझं मत कुणी विचारलं नाही,
ते कुठे ठेवलंय हे मीही विसरून गेले होते.

निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात
हळदोण्याला, मानशीच्या अलीकडे, पाटी दिसली:
घोडे. शिकवतात.
एवढंच, वाकड्या अक्षरात.
स्कूटर का थांबवली ते अजून सांगता येत नाही.

बेर्नाबने मला पाहिलं, मग घोडीला, मग पुन्हा मला.
"गुडघे कसे आहेत?"
वाईट, म्हटलं.
"हिचेही."

घोडीचं नाव मिरसांग.
एवढी मवाळ की ठेवणाऱ्याने थट्टाच केली असावी.
शर्यतीत कायम शेवटून दुसरी यायची म्हणे,
म्हणून तिला विकली. शेवटचीचं काय झालं, मी विचारलं नाही.

पहिला महिना खोगीर नाही, फावडं.
लीद, ओला पेंढा, पुन्हा लीद.
तिथे आल्सिना होती, पंधरा वर्षांची,
शाळेत तोंड उघडत नाही अशी ख्याती.
मला म्हणाली, "बाय, तू लीद अशी उचलतेस
जणू ती कुणीतरी परत मागणार आहे."
हसताना माझ्या हातून फावडं सुटलं.

तिने सांगितलं: खूर उचलायचा तर आधी खांद्याला टेक.
मागून जाताना बोलत जा.
पोटात गुडगुड ऐकू आली तर समज, बातमी चांगली आहे.
मी तिला गणित शिकवायला बसले,
ते मलाच येईना, मग लघुलिपी शिकवली.
तबेल्याच्या फळीवर खडूने आम्ही
बेर्नाबबद्दल काय काय लिहून ठेवायचो,
आणि तो चष्मा पुसून समोर उभा राहायचा.

चिऱ्यांच्या पायरीवरून मी वर चढले त्या दिवशी
म्हटलं, चल.
घोडी ढिम्म.
"तिला ऐकूच गेलं नाही," आल्सिना खालून.
चल.
एक कान हलला. एकच.
"तू विचारतेयस, बाय. सांग."
साठ वर्षांत मी कुणाला काय काय सांगितलं होतं
ते आठवेपर्यंत मिरसांग चरायला लागली.

मग एका सकाळी, बांधावर,
वळणामागून पोदेराचा पोंऽ पोंऽ.
मिरसांग आडवी उडाली आणि मी खाजनात,
तोंडात चिखल, एक बूट कुठेच नाही,
आणि मी ओरडले.
जे ओरडले ते कुठल्याच कोर्टाने नोंदवून घेतलं नसतं.
पण शब्द माझे होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत.
पोदेराने सायकल टाकली, पाव पाण्यात.
दहा पावलांवर मिरसांग उभी,
दोन्ही कान माझ्याकडे.
"आता आयकलें तिणें," आल्सिना म्हणाली
आणि चिखलात माझ्याशेजारी येऊन बसली, उगाचच.

डिसेंबरात तिचे कागद झाले.
बाप स्विंडनला, गोदामात रात्रपाळी.
शेवटचा आठवडाभर ती एकच खोगीर तेल लावून चोळत राहिली.
मीही तेच खोगीर, दुसऱ्या बाजूने.

परवा फोनवर फोटो आला, वहीच्या पानाचा, लघुलिपीत:
इथे सगळं ओलं. घोडे लांबून दिसतात.
वर्गात एकीला नको म्हटलं. मोठ्याने.
पुढे एक शब्द, त्यात तिने स्वर गाळलेत,
मीच तसं शिकवलं होतं,
तो रडले असेल किंवा रोडले.
दोन दिवस मी तो दोन्हीकडून वाचतेय.

आज पान घेऊन मिरसांगच्या दारात गेले.
आधी पोदेराला जाऊ दिलं.
मग मोठ्याने वाचलं,
तो शब्दही, दोन्ही प्रकारे.