मालकाचे नाव

दवाखान्याच्या रजिस्टरात तिसरा रकाना
'मालकाचे नाव' असा छापलेला आहे.
अकरा वर्षं मी तो भरतोय,
वेंगुर्ल्यात, बंदर रोडवर, बर्फाच्या कारखान्याला लागून,
जिथे मांजरं आजारी नसतानाही येऊन बसतात.

नाव विचारलं की माणसं आधी जनावराकडे बघतात,
जणू उत्तर त्याने द्यावं.

"आमचो नाय तो. रवता आमच्याकडे,"
म्हणत इनास आल्मेडाने कुत्रा मांडीवर घट्ट धरला
आणि सुई शिरताना स्वतःच डोळे मिटले.
मी लिहिलं: आल्मेडा.
त्याने वाचलं, खोडायला सांगितलं नाही.

ठाण्याहून परतलेले नेरूरकर पट्टा सैल करतात:
"जा, काकांना पंजा दे."
मला न विचारता मी एका लॅब्राडोरचा काका झालो.
नात्याला माझी हरकत नाही,
दिवाळीला त्यांच्याकडून करंज्या येतात.

जयवंत तांडेलाचा काळा कुत्रा ट्रॉलरवर असतो.
"पाळलाय का?" एवढंच विचारलं, तर रागावला.
"खलाशी आसा तो.
लिलाव झालो की तेचो वाटो काढतंव आमी."
आता रकान्यात काय लिहू?
मालक तर बोटीचा, आणि तो मुंबईत.

पाळणे.
हा शब्द मी दिवसभर वापरतो
आणि संध्याकाळी हात धुतले तरी उरतो.
दिलेला शब्द पाळतात, पथ्य पाळतात, सुतक पाळतात.
आईने सोमवार पाळले,
बाबांनी मौन, तेही नऊ वर्षं, सख्ख्या भावाशी.
असल्या जड गोष्टींच्या पंगतीत
कोंबडी बसते, बोकड बसतो.
बोकडाला शक्यतो नाव देत नाहीत.
दिलंच पोरांनी, तर जत्रेआधी
घरातले सगळे मिळून ते विसरतात.

शेवंती कुबल सुकी मासळी विकते.
तिच्या कुत्र्याला नाव नव्हतंच, किंवा
एकच होतं:
"मेल्या, सरळ उभो रव."
"मेल्या, राती खंय उलथलं होतंस?"
"गीळ, मेल्या, गीळ ती गोळी,
तुझ्यासाठी बांगडे इकून पैशे भरलंय."
चौदा वर्षं हेच.
आमच्याकडे ज्याला कोणी मेल्या म्हणत नाही
त्याची काळजी करावी.

परवा ती एकटीच आली.
टोपली दाराबाहेर ठेवली,
पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढली,
सात उरलेल्या.
"कुणाच्या तरी कामाक येतीत."
मी मान वर न करता, सवयीने,
"मेल्या खंय गो आज?"

ती काही बोलली नाही लगेच.
बाहेर बर्फाचा गाडा उतरवत होते,
लादी घसरल्याचा आवाज आला.
मग हळूच,
जसं झोपलेल्याच्या उशाशी बोलतात तसं,
"तसा म्हणू नको आता."

माणसं वारतात, जनावरं मरतात,
आणि छापील फॉर्मवर दोघं मृत असतात.
मी पेन उघडलं, बंद केलं.
ती समोर उभीच होती, पट्टीवरून बोट फिरवत,
पुन्हा मोजत, सात.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
गोळ्या नग सात, परत मिळाल्या.
तिने अंगठा नाही, सही केली.
वाकडी, पूर्ण नावाची,
चुकून तिसऱ्या रकान्यात.