नाव

दिघ्यांच्या टेबलावर, बुटांच्या खोक्यात,
चेक शब्दांच्या चिठ्ठ्या.
बॉयलरबरोबर आलेल्या इंजिनियरकडून शिकले होते ते,
मकरपुऱ्यात, चहाच्या सुट्टीत.

सगळ्यात वरची चिठ्ठी:
नाव. जुना शब्द, आता त्यांच्यातही कुणी बोलत नाही.
अर्थ: मेल्यावर जायचं ते ठिकाण.
लिंग: बहुधा स्त्री.
खाली पेन्सिलीने, बारीक:
आपलं नपुंसक.
पाण्यात सोडलं की स्त्रीलिंगी.

खासवाडीच्या खिडकीत कारकुनाने
मान वर न करता विचारलं, "नाम?"
मी मराठीत ऐकलं,
आणि क्षणभर
कुठलं सांगू कळेना.

परतताना पुलावरून पाहिलं.
विश्वामित्रीला गुडघाभर पाणी,
काठावर मगर ऊन खात पडलेली.
नाव
एकही नव्हती.